बिनमीटरची मोटार आणि वीज वाचवण्याचा कायदा

एक हजार लिटर पाणी शंभर मीटर खोलीवरून वर आणायला किती वीज लागते? गणित शाळेतलंच आहे. वजन, गुरुत्वाकर्षण आणि उंची यांचा गुणाकार करायचा आणि युनिटांत मांडायचा. उत्तर येतं ०.२७ युनिट. निसर्गाचा हा किमान दर आहे, यात कुणालाच सवलत नाही. पण नांदेड-लातूरकडच्या औशाच्या किंवा लोह्याच्या शिवारात बोअरवर जी मोटार बसलेली असते, ती या दराने पाणी देत नाही. मोटार तापते, पंपाचे पंखे झिजलेले असतात, पाइप आतून गंजलेला किंवा गरजेपेक्षा बारीक असतो. वीस-तीस टक्के कार्यक्षमतेचे शेतीपंप देशभरात सर्रास सापडतात. पंचवीस टक्के धरली, तर त्याच हजार लिटरला १.१ युनिट लागतं. नीट निवडलेला, नीट बसवलेला, पंचेचाळीस टक्क्यांचा पंप असेल तर ०.६.

हजार लिटरमागे अर्धं युनिट, म्हणजे फार वाटत नाही. पण एका एकरावर एकदा दोन इंच पाणी उभं करायचं म्हटलं, तर दोन लाख लिटर लागतात. पहिल्या पंपाला सुमारे २२० युनिटं, दुसऱ्याला १२०. एका एकराच्या एका पाळीत शंभर युनिटांचा फरक. महावितरणच्या घरगुती दराचा पहिला टप्पा महिन्याला शंभर युनिटांचा असतो, आणि गावातली बरीच घरं त्या टप्प्याच्या आत महिना काढतात. म्हणजे एका घराची महिन्याची वीज एका एकराच्या एका पाळीत नुसती उष्णता होऊन जाते. पीक तितकंच, पाणीही तितकंच.

ही शंभर युनिटं वाचावीत यासाठी देशात कायदा आहे, राज्याचं धोरण आहे, त्यासाठी नेमलेली संस्था आहे, दर ठरवणारा आयोग आहे. तरी ती वाचत नाहीत. का वाचत नाहीत, ते नांदेड-लातूरच्या शिवारात जितकं स्पष्ट दिसतं तितकं मंत्रालयातून दिसत नाही.

कायद्याचं नाव ऊर्जा संवर्धन अधिनियम, २००१. तो १ मार्च २००२ पासून लागू झाला आणि त्याच दिवशी दिल्लीत ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो, म्हणजे बीईई, उभी राहिली. वीज हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे, त्यामुळे केंद्राने कायदा केला तरी राज्यांना त्यात वाटा ठेवावा लागला. कलम १५ प्रमाणे राज्य सरकार अंमलबजावणीसाठी एक संस्था नेमतं. महाराष्ट्रात ती ‘महाऊर्जा’, म्हणजे पुण्यात मुख्यालय असलेलं महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरण. तिचं एक विभागीय कार्यालय लातुरात आहे. मोठ्या इमारतींसाठी केंद्राने केलेली ऊर्जा संहिता आपल्या हवामानाप्रमाणे बदलून घेणं, ऊर्जा संवर्धनाचा निधी उभारणं, तपासणीसाठी निरीक्षक नेमणं, हे सगळं राज्याच्या हातात आहे. दंडाचा निवाडा करायचा अधिकार राज्याच्या वीज नियामक आयोगाला आहे. २०१० च्या दुरुस्तीने दंडाची मर्यादा दहा हजारांवरून दहा लाखांवर नेली. २०२२ च्या दुरुस्तीने कार्बन पतांच्या व्यापाराची सोय केली आणि मोठ्या निवासी इमारतींनाही संहितेच्या कक्षेत आणायचा रस्ता मोकळा केला. राज्याने २०१७ मध्ये स्वतःचं ऊर्जा संवर्धन धोरण आणलं, पाच वर्षांत एक हजार मेगावॉट वाचवायचं लक्ष्य ठेवून.

कायदा कुचकामी आहे असं नाही. जिथे तो पोचला तिथे त्याने मोठं काम केलं. नांदेडच्या कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात जा, फ्रिजवर आणि एसीवर तारे चिकटवलेले दिसतील. हे तारांकन २००६ मध्ये ऐच्छिक म्हणून सुरू झालं, २०१० पासून काही वस्तूंना सक्तीचं झालं, २०२३ पासून छताच्या पंख्यालाही लागलं. गिऱ्हाईक आता दुकानदाराला ‘फाइव्ह स्टार आहे का’ असं सहज विचारतं. एलईडी बल्बची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. २०१४ च्या सुरुवातीला सरकारी खरेदीत एका बल्बला ३१० रुपये पडत होते. देशभराची मागणी एकत्र करून ठोक खरेदी केल्यावर तोच भाव दोन-तीन वर्षांत ३८ रुपयांवर आला. इथे कुणाला दंड झाला नाही, कुणी निरीक्षक घरात शिरला नाही. वस्तू स्वस्त झाली, बिल उतरलेलं दिसलं, लोकांनी जुना बल्ब काढून टाकला.

बिल उतरलेलं दिसणं, यावरच पुढचं सगळं अडतं.

लातूरच्या एमआयडीसीत डाळ मिल चालवणाऱ्याचं वीजबिल पाहिलं, तर ते वाचायला शिकावं लागतं. मंजूर भार, महिन्यातली कमाल मागणी, पॉवर फॅक्टर, दिवसाच्या कोणत्या वेळी किती वापर झाला, सगळं त्यात असतं. एप्रिल २०२० पासून उच्चदाब ग्राहकांना केव्हीएएचवर आकारणी सुरू झाली. याचा अर्थ असा: मोटारीला फिरायला जी खरी वीज लागते तिच्याबरोबर चुंबकत्व उभं करण्यासाठी आणखी एक प्रवाह ये-जा करत असतो. तो काम करत नाही, पण तार मात्र अडवतो, उसाच्या ट्रॅक्टरमागे एक रिकामी ट्रॉली जोडून दिल्यासारखा. पूर्वी या रिकाम्या ट्रॉलीसाठी वेगळा दंड किंवा सवलत असायची, आता तिचे पैसे थेट युनिटांतच मोजले जातात. मग मिलवाला काय करतो? कपॅसिटरचं पॅनेल बसवतो, ते चालू आहे की नाही हे इलेक्ट्रिशियनला दर महिन्याला तपासायला लावतो. मोटार जळाली की रिवाइंडिंगला द्यायची की नवी आणायची याचा हिशेब करतो. कितीतरी वर्षं रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात उद्योगांना युनिटमागे दीड रुपया सवलत होती, म्हणून पाळ्या रात्री लावल्या जायच्या. आता सौरऊर्जेमुळे दुपारची वीज स्वस्त होऊ लागली आहे आणि सवलतही दिवसाकडे सरकते आहे, तशा पाळ्याही सरकतील. त्याला ऊर्जा संवर्धन अधिनियमाचं नावही माहीत नसेल. पण आयोगाने ठरवलेला दर त्याच्याकडून कायद्याला हवं ते करून घेतो.

त्या मिलपासून दहा-बारा किलोमीटरवर त्याच तुरीचं शेत आहे, आणि तिथे यातलं काही म्हणजे काही लागू होत नाही.

सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात राज्याने शेतीपंपांना मीटर न लावता हॉर्सपॉवरवर आकारणी सुरू केली. लाखो विहिरींवर मीटर लावायचे, दर तिमाहीला चिखल तुडवत वाचन घ्यायचं, जळालेले मीटर बदलायचे, हे सगळं वीज मंडळाला परवडत नव्हतं. व्यवहाराच्या दृष्टीने निर्णय समजण्यासारखा होता. पण त्या दिवसापासून एक युनिट वाचवल्याचा शेतकऱ्याला शून्य रुपये फायदा झाला. पाच एचपीची मोटार दोन तास चालवा की दहा तास, बिल तेच. मग चांगल्या पंपाला पाच-सात हजार जास्त कोण देईल? त्याने दिले नाहीत यात त्याची काही चूक नाही. मिलवाला त्याच्या जागी असता तर त्यानेही दिले नसते.

एचपीवर आकारणीचा आणखी एक परिणाम कुठल्याही तालुक्याच्या गावी रिवाइंडिंगच्या दुकानात दिसतो. बाकावर उघडून ठेवलेली मोटार, बाजूला जळक्या वार्निशच्या वासाची तांब्याची जुनी तार, भिंतीला नव्या तारेची रिळं. मोटारीवरची पाटी तीन एचपीची असते आणि आतला माल पाचचा. पाटीवर बिल, आतल्या मालावर पाणी. कारागीर हे जाणतो, लाईनमन जाणतो, दुकानदार तर पाटी तशीच लावून देतो. वाइंडिंग करताना शेतकरी सांगतो, ‘भाऊ, आमच्याकडं व्होल्टेज लई कमी असतंय, त्या हिशोबानं भरा.’ कारागीर वेढे कमी करतो, तार जाड घेतो. मोटार कमी दाबावर ओढायला लागते, पण दाब नीट असेल त्या दिवशी नाहक जास्त प्रवाह खाते आणि तापते. प्रत्येक जळण्याबरोबर आणि प्रत्येक घाईच्या भरणीबरोबर तिची कार्यक्षमता थोडी उतरते. गंमत म्हणजे कंपनीतून निघताना ती बरी होती. तिला बिघडवलं कमी दाबाने, आणि दाब कमी झाला तो अशाच साऱ्या मोटारींनी मिळून.

हे चक्र समजून घेण्यासारखं आहे. शंभर केव्हीएच्या डीपीवर, म्हणजे रोहित्रावर, पाच एचपीच्या पंधरा-सोळा मोटारी हिशोबाने बसतात. पाट्यांप्रमाणे तेवढ्याच असतात, आतल्या मालाप्रमाणे जास्त. त्यात तारेवर टाकलेले चोरीचे दोन-चार आकडे. प्रत्येक मोटारीला दोन केव्हीएआरचा कपॅसिटर असायला हवा. तो काही शे रुपयांना मिळतो, पण मोटार एकदा जळाली की वायरमन तो काढून बाजूला ठेवतो आणि परत बसवत नाही. आता लाईट कधी येईल याचा नेम नाही, म्हणून प्रत्येकाने ऑटो स्विच लावलेला. रात्री बारा वाजता थ्री फेज येते आणि सगळ्या मोटारी एकाच क्षणी उठतात. सुरू होताना मोटार नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. दाब कोसळतो, मोटारी पूर्ण वेगात यायच्या आधीच कण्हत राहतात, डीपी तापतो आणि ऐन रब्बीत उडतो. मग वर्गणी, ट्रॅक्टर, नव्या डीपीसाठी उपविभागाच्या चकरा. महावितरण दरवर्षी आवाहन करतं की ऑटो स्विच काढा, कपॅसिटर लावा. पण एकट्याने ऑटो स्विच काढला तर त्याचंच पाणी जातं, बाकीच्यांचं नाही. एकट्याने कपॅसिटर लावला तर फायदा सोळा जणांत वाटला जातो. असल्या गोष्टी आवाहनाने होत नसतात.

फ्रिजला तारे सक्तीचे झाले, पण देशातल्या विजेचा मोठा हिस्सा खाणाऱ्या शेतीपंपाचं तारांकन मात्र ऐच्छिक ठेवलं गेलं. अनुदानाच्या योजनेतून पंप घ्यायचा असेल तरच ताऱ्यांची आठवण होते. हा उलटा क्रम मला नेहमीच खटकत आला आहे. शहरातलं गिऱ्हाईक बिल भरतं, त्याला तारा नसता दाखवला तरी त्याने कधीतरी विचारलं असतं. ज्याला विचारायचं कारणच नाही, त्याच्या दुकानात सक्ती हवी होती.

निदान मीटर तरी? २००३ च्या विद्युत अधिनियमाचं कलम ५५ सांगतं की दोन वर्षांनंतर योग्य मीटरशिवाय कुणालाही वीज देता येणार नाही. मुदत आयोगाला वाढवता येते, आणि ती वाढत गेली. मीटर नसलेल्या पंपांचा वापर मग अंदाजाने धरायचा. राज्यात एकूण किती वीज घेतली हे ठाऊक, घरं-दुकानं-कारखान्यांना किती विकली हे ठाऊक. उरलेल्यातली शेतीला किती गेली आणि गळतीत किती, ही रेघ मात्र कागदावर ओढायची असते. शेतीचा आकडा फुगवला की गळती कमी दिसते, शेतीच्या नावाने अनुदान जास्त मागता येतं, आणि शेतकरी फुकटा ठरतो. वर्षानुवर्षं प्रयाससारख्या संस्था आणि ग्राहक प्रतिनिधी हेच ओरडून सांगत होते. शेवटी आयोगाने कार्यगट नेमला, फीडरवर मोजलेल्या विजेवरून पिकांचा-पंपांचा ताळा घेतला गेला आणि मार्च २०२० च्या दरनिश्चितीच्या आदेशात शेतीची विक्री खाली आणली गेली. तेवढीच गळती वर गेली. म्हणजे ‘शेतकरी इतकी वीज खातो’ म्हणून जे सांगितलं जात होतं, त्यातला चांगला मोठा भाग शेतापर्यंत गेलाच नव्हता. तो तारांत तापून, आकड्यांवरून किंवा हिशेबातच कुठेतरी मुरला होता.

गळतीचा हिशेब मराठवाड्याला आधीपासून चांगला माहीत आहे, कारण त्याची शिक्षा इथे भोगलेली आहे. भारनियमनाच्या काळात आयोगाने फीडरचे गट पाडले होते. वितरणातली गळती आणि थकबाकी यांवरून ए, बी, सी, डी असं खाली जी-तीनपर्यंत. वरच्या गटांना लाईट, खालच्या गटांना अंधार. २०१२ च्या अखेरीस राज्य भारनियमनमुक्त झाल्याचं जाहीर झालं, तेव्हाही ई, एफ आणि जी हे गट त्यातून वगळलेले होते, आणि नांदेड, बीड, परभणी, हिंगोलीकडचे फीडर त्या खालच्या गटांत भरपूर होते. नियम म्हणून त्यात तर्क होता: चोरी कमी करा, वीज मिळवा. पण शिक्षा फीडरला होती, माणसाला नव्हती. नियमित बिल भरणारा मास्तर आणि आकडा टाकणारा त्याचा शेजारी एकाच अंधारात बसायचे. पुढे गावठाण आणि शेतीचे फीडर वेगळे केल्यावर निदान घरातला दिवा पंपाच्या वेळापत्रकातून सुटला. माझ्या मते या भागात वीज वाचवण्याच्या नावाखाली झालेलं ते सगळ्यात शहाणं काम. वीज किती वाचली हे सोडा, कुठे किती जाते हे त्यामुळे प्रथमच दिसायला लागलं.

ऊर्जा संवर्धन कायद्याने स्वतः वीज कंपनीलाच पकडलं, ते उशिरा. सप्टेंबर २०२० मध्ये देशातल्या सगळ्या वितरण कंपन्या ‘नामनिर्देशित ग्राहक’ ठरवल्या गेल्या, आणि ऑक्टोबर २०२१ च्या विनियमांनी त्यांना दर तिमाहीला ऊर्जेचा हिशेब आणि दर वर्षी बाहेरच्या लेखापरीक्षकाकडून तपासणी बंधनकारक केली. सिमेंटच्या किंवा पोलादाच्या कारखान्याने इंधनाचा हिशेब द्यायचा, तसा आता महावितरणने उपकेंद्र, फीडर, रोहित्र अशा पायऱ्यांनी विजेचा द्यायचा. नांदेड परिमंडळात नांदेड, परभणी आणि हिंगोली येतात, लातूर परिमंडळात लातूर, बीड आणि धाराशिव. या सहा जिल्ह्यांचा फीडरनिहाय हिशेब नीट मांडला गेला, तर कुठल्या गावात तार बदलायची, कुठे डीपी वाढवायचा आणि कुठे खरोखर चोरी पकडायची, हे वेगवेगळं कळेल. आजवर या तिन्ही आजारांना एकच औषध दिलं जायचं, ते म्हणजे वसुली मोहीम.

तारेतली गळती हा निव्वळ भौतिकशास्त्राचा भाग आहे आणि त्यावर उपायही भौतिकशास्त्रातच आहे. तारेत वाया जाणारी वीज प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. प्रवाह दुप्पट, तोटा चौपट. डीपीपासून शेवटच्या विहिरीपर्यंत ४४० व्होल्टची लाईन एक-दीड किलोमीटर ओढत नेली, तर शेवटच्या माणसाला ३५० सुद्धा मिळत नाहीत. तीच वीज ११ हजार व्होल्टवर नेली तर प्रवाह पंचवीस पट कमी, आणि त्याच तारेतला तोटा सहाशे पंचवीस पट कमी. म्हणून मग ‘एचव्हीडीएस’: उच्चदाबाची तार थेट शेतापर्यंत न्यायची आणि एक-दोन शेतकऱ्यांत मिळून एक छोटा डीपी द्यायचा. २०१८ मध्ये राज्याने ही योजना आणली, मार्च २०१८ पर्यंत पैसे भरून बसलेल्या सव्वादोन लाखांच्या आसपास शेतकऱ्यांसाठी. ती महाग होती, कामं रेंगाळली, ठेकेदारांवरून वाद झाले. पण तिने एक सामाजिक गोष्टही साधली, जिचा उल्लेख योजनेच्या कागदांत सापडत नाही. डीपी दोघांचाच असला की त्यावर तिसऱ्याचा आकडा ते दोघेच पडू देत नाहीत.

आतापर्यंत पंप आणि तार यांबद्दल लिहिलं, पण लातूरच्या बाबतीत सगळ्यात मोठा आकडा वेगळाच आहे: खोली. सुरुवातीचं गणित शंभर मीटरचं होतं. पाणी दोनशे मीटरवर गेलं की प्रत्येक आकडा दुप्पट होतो. शिवाय कमी खोलीच्या हिशेबाने घेतलेला पंप जास्त खोलीवर सोडला, तर तो फुटाण्याएवढी धार देतो आणि वीज मात्र थोडीशीच कमी खातो. कार्यक्षमता वीस टक्क्यांच्याही खाली घसरते. लातूर जिल्ह्यात सातशे-आठशे फुटांचे बोअर ही नवलाई राहिलेली नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेव्हा पहिल्या गाडीत पाच लाख लिटर होतं, म्हणजे वर म्हटलेल्या एका एकराच्या अडीच पाळ्या.

म्हणून मला वाटतं, लातूरमध्ये वीज वाचवण्याची सर्वांत जास्त ताकद असलेला राज्याचा कायदा विजेचा नाहीच. तो आहे महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९. तो जून २०१४ पासून लागू आहे आणि शेतीसाठी वा उद्योगासाठी साठ मीटरपेक्षा खोल विहीर घ्यायला त्यात मनाई आहे. साठ मीटर म्हणजे जेमतेम दोनशे फूट. बोअरची गाडी गावात शिरते तेव्हा दोनशे फुटांवर थांबा असं तिला कोण म्हणतं? दुसरा कायदा त्याहून जुना, २००५ चा जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा. त्यात तर अशी तरतूद आहे की अधिसूचित क्षेत्रात बारमाही पिकाला कालव्याचं पाणी हवं असेल तर ठिबक किंवा तुषार लावावंच लागेल. २०१७ मध्ये मंत्रिमंडळाने उसाला ठिबक सक्तीचं करायचं ठरवलं, दोन वर्षांची मुदत दिली. मुदत संपून गेली. मांजरा काठच्या उसाला पाटपाणी सुरूच आहे. ठिबकने पाणी निम्म्याच्या आसपास वाचलं, तर पंपही तेवढाच कमी चालतो, आणि हा फायदा पंपाचे तारे वाढवून मिळणाऱ्या फायद्यापेक्षा कमी नाही. पण हे कायदे जलसंपदा आणि पाणीपुरवठा खात्यांचे, वीज ऊर्जा खात्याची, ठिबकचं अनुदान कृषी खात्याचं. एका बोअरवर चार खाती उभी आहेत आणि एकाचाही मीटर नाही.

शहरांचंही वेगळं नाही. नांदेडजवळ असर्जनला गोदावरीवर उभा असलेला विष्णुपुरी प्रकल्प आशियातल्या मोठ्या उपसा सिंचन योजनांत गणला जातो. उपसा म्हणजे नदीचं पाणी विजेने चढवायचं. लातूर शहर धनेगावच्या मांजरा धरणाचं पाणी पन्नासेक किलोमीटरवरून पंपांनी ओढतं. दोन्हीकडे पाण्याचा प्रश्न हा विजेच्या बिलाचा प्रश्न असतो. आणि उलटही खरं आहे. परळीचं औष्णिक केंद्र फेब्रुवारी २०१३ मध्ये बंद करावं लागलं, कोळसा नव्हता म्हणून नव्हे, खडका बंधाऱ्यात पाणी नव्हतं म्हणून. केंद्र सरकारच्या २०१५ च्या मानकांप्रमाणे जुन्या कोळशाच्या केंद्राने एका युनिटमागे साडेतीन लिटरपेक्षा जास्त पाणी वापरू नये. एका पाळीतली ती शंभर युनिटं परळीत तयार झाली असतील, तर या मानकाच्या हिशेबाने त्यांच्यापायी साडेतीनशे लिटरपर्यंत पाणी खर्ची पडलं, तेही गोदावरीचंच.

आता परिस्थिती पुन्हा बदलली आहे. जुलै २०२४ मध्ये राज्याने मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजना आणली: साडेसात एचपीपर्यंतच्या ४४ लाख शेतीपंपांना एप्रिल २०२४ पासून पाच वर्षं वीज मोफत. थकलेल्या, गांजलेल्या शेतकऱ्याला त्याने दिलासा मिळाला, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण साडेसातच्या मर्यादेने काय होईल, हे रिवाइंडिंगच्या दुकानातल्या पोरालाही सांगता येईल. दहा एचपीच्या मोटारीला साडेसातची पाटी. जी युक्ती एचपीच्या दराने शिकवली, तिला मोफत विजेने नवा आकडा दिला.

दुसरीकडे मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून शेतीचे फीडर सौरऊर्जेवर न्यायचं काम वेगाने सुरू आहे. रात्रीचं पाणी जाऊन दिवसाचं मिळणं, ही मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने कुठल्याही कायद्यापेक्षा मोठी गोष्ट आहे. साप-विंचवाच्या अंधारात दारं धरणारा माणूस वाफा भरून वाहू देतो आणि झोपायला जातो. दिवसा तोच माणूस वेळेवर बारं मोडतो. इथे आपोआप थोडी वीज वाचते. पण खरी संधी प्रकल्पाचा आकार ठरवताना आहे, आणि ती निसटते आहे असं मला दिसतं. फीडरवर आज जितका भार आहे तितक्या मेगावॉटचा प्रकल्प, असा हिशेब धरला जातो. तो भार पाच मेगावॉट असेल आणि त्यातल्या मोटारी पंचवीस टक्क्यांच्या असतील, तर आपण वाया जाणाऱ्या विजेसाठी पॅनेल टाकत असतो. त्या मोटारी आधी पंचेचाळीस टक्क्यांच्या केल्या तर तेवढंच पाणी तीन मेगावॉटच्या आत निघतं. मेगावॉटला चार-पाच एकर जमीन धरली, तर फीडरमागे आठ-दहा एकर वाचते.

पंप बदलून दाखवलेले आहेत. बीईईने देशातला पहिला प्रयोग केला तो आपल्याच राज्यात, लातूरपासून फार लांब नसलेल्या मंगळवेढ्यात. २००९ मध्ये सुरुवात झाली, दोन हजारांहून अधिक पंप शेतकऱ्याकडून एक पैसाही न घेता बदलले, देखभालीची जबाबदारी पंप पुरवणाऱ्या कंपनीकडे ठेवली आणि खर्च वाचलेल्या विजेतून भरून काढायची रचना केली. आयोगाचे मागणी व्यवस्थापनाचे विनियम २०१० पासून तयारच आहेत, त्यांखाली महावितरणला असा खर्च दरनिश्चितीत मागता येतो. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. सौर वाहिनीच्या निविदेत फीडरवरचे पंप बदलण्याची अट घातली, आणि प्रत्येक डीपीखाली एक मीटर लावला, तर उदगीर किंवा मुखेडच्या एखाद्या फीडरवर येत्या रब्बीत मोजून बघता येईल.